सतारमेकर गल्लीतला शनिवार

शनिवारची दुपार कलते आहे. सकाळची वॉर्डातली पोस्टिंग संपली, मेसचं जेवण झालं, ॲप्रन हॉस्टेलच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला लटकतो आहे आणि मी मिरजेच्या शनिवार पेठेत, सतारमेकर गल्लीत उभा आहे. पायऱ्यांवर, कट्ट्यांवर, एका बंद पडलेल्या स्कूटरच्या सीटवरसुद्धा भोपळे वाळत ठेवले आहेत. एका दारातून रंध्याचा आवाज येतो, दुसऱ्यातून तार जुळवल्याचा. हवेत भुश्शाचा आणि स्पिरिटचा वास आहे. स्पिरिट माझ्या ओळखीचं. सकाळीच ड्रेसिंगच्या ट्रॉलीशी ते नाकात भरलं होतं. इथे त्यात चपडा लाख विरघळवून वाद्यांना पॉलिश करतात.

“या डॉक्टर, या,” वाद्यं घडवणारे चाचा आपल्या दुकानातून हाक मारतात.

मी दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर व्हायला अजून बराच अवकाश आहे, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, “हुणार हाईसा न्हवं? मग आमच्याकडनं आजपास्नंच.” तेव्हापासून गल्लीत मी डॉक्टर आहे, आणि तरीही इथे मला कुणी काही विचारत नाही. गुण किती, व्हायवा कशी गेली, पुढे काय करणार, यातलं काहीच नाही. बस म्हणतात, मी बसतो.

दुकान म्हणजे एक अरुंद, खोल खोली. भिंतीवर सतारी ओळीने टांगलेल्या, कोपऱ्यात तूण लाकडाच्या दांड्या उभ्या, वर आढ्याला सुकलेले भोपळे. खिडकीखाली चाचांची बैठक आहे: गोणपाट, त्यावर चपटी झालेली उशी, हाताशी कानशी, पटाशी आणि तारांची भेंडोळी. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा एका सतारीच्या भोपळ्यावर कापसाच्या बोळ्याने पॉलिशचा हात देतो आहे. एक हात, मग वाळू द्यायचं, मग दुसरा. घाई केली की फोड येतात, असं तो मला एकदा म्हणाला होता.

आज मात्र गडबड आहे. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस सुरू आहे आणि रात्री दर्ग्यात संगीत सभा आहे. बाहेरगावाहून आलेल्या एका गायकांचा तानपुरा प्रवासात बसला. आवाज उघडेना, म्हणून तो दुपारी चाचांकडे आला. रात्री दहाच्या आत तो दर्ग्यात पोचला पाहिजे.

तानपुरा आडवा ठेवून चाचांनी तारा सैल केल्या आहेत. तारा जिच्यावर टेकतात ती तबलीवरची घोडी सुटी होऊन त्यांच्या हातात आली आहे. बोटभर उंचीचं पिवळट हाड. पूर्वी या घोड्या सांबराच्या शिंगाच्या असत, आता उंटाच्या हाडाच्या किंवा फायबरच्या करतात, हे मला याच बैठकीत कळलं. पहिलं वर्ष हाडं हाताळण्यात गेलं असल्यामुळे मी ती घोडी उजेडात धरून बघतो. तारांनी तिच्या पाठीवर चार बारीक चऱ्या पाडल्या आहेत.

“ह्या चऱ्या पडल्या की तार रुतून बसती,” चाचा सांगतात. “रुतली की बोलत न्हाई.”

ते कानशीचा एकच हलका हात फिरवतात. फुंकर मारतात. अंगठ्याने पाठ चाचपतात. पुन्हा एक हात. वरून सपाट दिसणारी ही पाठ सपाट नसते. तिला अगदी पुसटसा उतार असतो. तार त्या उतारावर टेकते न टेकते अशी राहायला हवी. ती थरथरताना हाडाला निसटता स्पर्श करत राहते आणि त्या स्पर्शातून मूळ स्वराच्या वरचे स्वर एकेक करून उमटतात. हीच जवारी. उतार थोडा कमी-जास्त झाला तरी आवाज बिघडतो. किती, याला माप नाही. चाचांच्या अंगठ्याला जे कळतं तेच माप.

घोडी परत बसते. चारही तारा चढतात: पंचम, मग दोन जोडाच्या, मग पितळेचा खर्ज. चाचा तार छेडतात. आवाज येतो, पण कोंडलेला. तारा पुन्हा सैल, घोडी पुन्हा हातात. हे असंच चालत राहतं. मी गुडघे जवळ घेऊन बघत बसतो आणि मधूनमधून सांगितलं की तार धरतो.

लातूरला माझी अकरावी-बारावी ट्यूशनच्या वर्गांत गेली. सकाळी अंधारात घर सोडायचं, रात्री परत यायचं, चाचणी झाली की भिंतीवर यादी लागायची. गावोगावहून लातूरला आलेल्या हजारो मुलांप्रमाणे मीही स्वतःला त्या यादीतल्या क्रमांकानेच ओळखत होतो. बॅट माळ्यावर गेली, मामाच्या गावची जत्रा सुटली, मित्र म्हणजे शेजारच्या बाकावरचा. मग नीटची परीक्षा झाली, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि वडील मला पंढरपूर रस्त्यावरच्या हॉस्टेलात सोडून गेले. पहिल्या वर्षी संध्याकाळ झाली की काय करावं हेच कळत नसे. अभ्यास नाही तो वेळ वाया, ही सवय हाडात मुरलेली. खोलीत तिघेजण आपापल्या पलंगावर आपापला मोबाइल घेऊन पडलेले असायचो. मिरज म्हणजे हॉस्टेल, कॉलेज, सिव्हिल आणि सांगलीला पोस्टिंग असली की सिटी बस. गाव खिडकीबाहेरून जायचं.

खरं तर या गावाशी माझं नातं त्याआधीचं आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा पाणी मिरजेहून रेल्वेने आलं होतं. जलदूत एक्स्प्रेस. पहिल्या फेरीत 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी. पुढे 50 वाघिणींची गाडी येऊ लागली, तिच्यात 25 लाख लिटर. कृष्णेचं पाणी मिरज जंक्शनजवळच्या हैदरखान विहिरीत घ्यायचं आणि तिथून वाघिणींत भरायचं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. टँकरमागे घागर घेऊन आईबरोबर उभा असायचो आणि मोठी माणसं म्हणायची, मिरजेचं पाणी आलं. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या ज्या गावाने घागर भरली, त्या गावात राहायला आलो आणि त्याच्याकडे नीट बघितलंही नाही, हे मनाला लागायला लागलं तेव्हा मी चालायला सुरुवात केली. लक्ष्मी मार्केट, किल्ल्याचा भाग, मिशन हॉस्पिटल, स्टेशन. चालता चालता एका संध्याकाळी तार जुळवल्याचा आवाज आला आणि मी या गल्लीत वळलो.

“लातूर, सरक जरा.”

दारात कुडाळ आणि गडचिरोली उभे आहेत. आमच्या बॅचमध्ये बरीच नावं गावावरून पडली आहेत. कुडाळ माझी बॅचमेट, गडचिरोली माझा रूममेट. गडचिरोलीच्या हातात भडंगाचा पुडा आहे. तो उघडला जातो, कांदा-मिरची आतून येते, चाचांचा मुलगा कोपऱ्यावर चहा सांगतो.

कुडाळ घरात भजनं ऐकत वाढली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत मध्यमापर्यंत पोचली आणि दहावीनंतर सगळं थांबलं. आधी नीट, मग बघू, असं घरात ठरलं होतं. त्याच मंडळाचं कार्यालय याच मिरजेत आहे, हे तिला इथे आल्यावर कळलं. ती पहिल्यांदा या दुकानात आली तेव्हा तानपुऱ्याला हात लावायलाही कचरत होती. चाचांनी तिच्या मांडीवर एक तानपुरा ठेवला आणि स्वतः चहाला निघून गेले. परत आले तेव्हा ती डोळे मिटून तारा छेडत होती. गायली नाही. नुसती छेडत होती. मी तिथे होतो. हॉस्टेलकडे जाताना ती एवढंच म्हणाली, “माझा सूर अजून आहे रे.”

आता ती चाचांच्या समोर बसते आणि विचारते, “चाचा, हे गूल तुम्ही का करत नाही? नेहमी तुमचा मुलगाच करतो.”

तानपुऱ्याच्या गळ्याशी सेल्युलॉइडची पांढरी पट्टी बसवून तिच्यावर कोरलेली पानं-फुलं म्हणजे गूल. आज एका तानपुऱ्याची जुनी पट्टी उखडली आहे. चाचा हात थांबवतात.

“दिसत न्हाई बारीक,” ते म्हणतात. “धूर धूर दिसतंय. दिव्याभवती कडं दिसतंय. जवारी हाताची, ती करतो. गूल डोळ्याचं काम हाय.”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो. दिव्याभोवती कडं. मोतीबिंदूतही दिसतं, काचबिंदूतही दिसतं. मोतीबिंदूला थोडा उशीर चालतो, काचबिंदूला चालत नाही. ओझं येतं ते त्याच क्षणी, कारण तपासायचा अधिकार आम्हाला नाही, पण कळूनही गप्प बसायचा अधिकार तर अजिबात नाही.

“चाचा, कधीपासून?”

“झालं की वरीस. वयानं व्हतंय.”

“वयानं असेल तर बरंच आहे, पण बघायला पाहिजे,” कुडाळ म्हणते. “दुखतात का डोळे? डोकं दुखतं का रात्री?”

चाचा हसून कानशी उचलतात. “डोळ्यावरनं आठवलं, पलुस्करबुवांचं ठावं हाय न्हवं तुमास्नी?”

आम्हाला थोडंफार ठाऊक आहे. पण चाचांच्या तोंडून ऐकायला आम्ही पुन्हा ऐकतो. विष्णू दिगंबर पलुस्कर 1872 साली इथून जवळच कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळे भाजले. उपचाराला मिरजेत आणलं. डॉ. भडभडे यांनी उपचार केले, पण दृष्टी पूर्ण परत आली नाही. मुलाने गाणं शिकावं असं ठरलं आणि मिरजेच्या पटवर्धन सरकारांनी त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हवाली केलं. त्याच मुलाने 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

“बघा,” चाचा म्हणतात, “डॉक्टरचा हात जितं थांबला, तितनं फुडं गाण्यानं धरलं. असं गाव हाय हे.”

या गावाबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाक्य आहे. मिरजेत दवाखाने आणि वाद्यं शेजारी शेजारी वाढली. चाचांच्या पूर्वजांचा धंदा शिकलगारीचा, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. इंग्रजांचा अंमल आला, शस्त्रांचं काम सुटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. धार लावणारे हात तारा लावू लागले. त्यानंतर काही दशकांनी, 1894 मध्ये, विल्यम वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि लांबलांबून रोगी मिरजेला यायला लागले. आमचं कॉलेज 1962 चं. अजूनही स्टेशनवर उतरणाऱ्यांत एक जण फाइल घेऊन सिव्हिलचा रस्ता विचारतो, तर दुसरा गवसणीत गुंडाळलेलं वाद्य सांभाळत या गल्लीचा.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीला त्याचा अभिमान आहे. पण चाचांना विचारलं तर ते भोपळ्याचं बोलतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून मोठे कडू भोपळे येतात. पाऊस वेळी पडला, भाव बरा मिळाला, तर शेतकरी भोपळा लावतो, नाहीतर ऊस लावतो. “मानपत्र भितीवर टांगता येतं,” ते म्हणतात, “आवाज भोपळ्यातनं येतो.”

फोन वाजतो. आई.

“कुठं हाईस रे?”

“मिरजेतच. सतारमेकर गल्लीत.”

“अजून तिथंच? जेवलास का?”

“जेवणार आहे. रात्री गाणं आहे दर्ग्यात, ऐकायला जाणारे.”

ती क्षणभर गप्प होते. मग विचारते, “एकटाच नाहीस ना?”

“नाही. सगळे हाईत.”

“मग जा,” ती म्हणते. पहिल्या वर्षी तिच्या प्रत्येक फोनवर मी ‘खोलीत आहे’ असंच सांगायचो, आणि ती मग जास्तच काळजी करायची.

दिवेलागण होते. चाचा पुन्हा तार छेडतात आणि या वेळी काहीतरी बदललेलं असतं. ते घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतात, केसभर पुढे, केसभर मागे. मग एका जागी आवाज उघडतो. खोली भरते. भिंतीवरच्या सतारींच्या तरफेच्या तारा कुणी हात न लावता किणकिणतात. गडचिरोलीचा भडंगाचा हात तोंडापाशी थांबतो. कुडाळ हलकेच षड्ज लावते, अगदी दबक्या आवाजात, आणि चाचा मान न वळवता म्हणतात, “सोड की मोकळा. कोण हाय इथं?”

ती सोडते. सूर थोडा हलतो, मग बसतो. समोरच्या दुकानातला रंधा थांबतो. आतून चाचांचा मुलगा पॉलिशचा बोळा हातात घेऊनच दारात येतो. ती काही राग वगैरे गात नाही. सा, प, वरचा सा, आणि परत. पण तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी कॉलेजात कधी पाहिलेलं नाही. रँक काढणाऱ्या मुलीचा तो चेहरा नव्हे. आपली वस्तू परत मिळालेल्या माणसाचा आहे.

रात्री साडेनऊला आम्ही निघतो. तानपुरा गवसणीत घालून गडचिरोलीने छातीशी धरला आहे, मी आणि चाचांचा मुलगा दोन्ही बाजूंनी गर्दी बाजूला सारतो. उरुसाच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. खेळण्यांची दुकानं, मिठाईचे ढीग, बांगड्या, पाळणे, ऊद-लोभानाचा धूर. कबरीवर चढवायचा गलेफ घेऊन निघालेल्या मिरवणुकीचे ताशे कुठूनतरी ऐकू येतात. या दर्ग्यात चर्मकार समाजाचा गलेफ मानाचा असतो. फुलांच्या चादरी घेऊन कपाळाला गुलाल लावलेली माणसं आणि टोपी घातलेली माणसं एकाच रांगेत सरकतात. मिरजेला हे सांगावं लागत नाही, ते चालत आलेलं आहे.

दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली सतरंज्या पसरल्या आहेत. याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँची कबर आहे आणि ही सभा त्यांच्या स्मृतीची. प्लेगच्या साथीत आजारी पडलेले खाँसाहेब इथे येऊन गायले आणि बरे झाले, अशी इथली श्रद्धा. पुढे ते मिरजेचेच झाले आणि उरुसात दर्ग्यात गात राहिले. मी सध्या सूक्ष्मजीवशास्त्रात प्लेगचा जिवाणू शिकतो आहे. तो कसा पसरतो, कशाने मरतो, हे मला लिहिता येईल. तरी ही गोष्ट ऐकताना मला तिच्याशी वाद घालावासा वाटत नाही. बरा झालेला माणूस बरं होण्याचं ऋण आयुष्यभर मानतो, हे मी वॉर्डातही पाहतो. डिस्चार्ज झालेले आजोबा महिन्याने पिशवीभर शेंगा घेऊन परत येतात, ते काय वेगळं असतं?

खाँसाहेबांचा शेवटही मी आता वेगळ्या कानांनी ऐकतो. ऑक्टोबर 1937. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत छातीत दुखू लागलं, सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बसून तानपुरा जुळवून घेतला, गायले, आणि तिथेच गेले. देह मिरजेत आणला. ही हकिगत आम्ही शिकतो त्या भाषेतही सांगता येईल. पण इथे झाडाखाली बसलेल्या माणसांना ती जशी ठाऊक आहे तशी ती पुस्तकात नाही.

गायक बसतात. जुळवणी सुरू होते. दुरुस्त केलेला तानपुरा मागे बसलेल्या मुलाच्या हातात आहे. श्रोत्यांत बाजारातले हमाल आहेत, पेठेतले दुकानदार, शालीत गुरफटलेल्या म्हाताऱ्या, लहान मुलाला मांडीवर निजवलेली जोडपी. दोन ओळी पुढे सर्जरी वॉर्डातल्या सिस्टर दिसतात, नवऱ्यासोबत. सकाळीच त्यांनी मला ड्रेसिंग नीट धरायला शिकवलं होतं. त्या वळून बघतात, ओळखीचं हसतात, आणि सरकून आम्हाला जागा करतात. हॉस्पिटलात त्यांच्याशी बोलताना मला नेहमी थोडी भीती वाटते. उद्यापासून वाटणार नाही.

पहिला आलाप येतो. मी गाण्याचा जाणकार नाही. कोणता राग, कोणती बंदिश, हे कुडाळ कानात सांगते. पण तानपुरा मला ऐकू येतो, दुपारभर त्याच्यासोबत बसलो म्हणून. आवाज कुठे कोंडला होता आणि कुठे उघडला, हे माहीत असल्यावर ऐकणं वेगळं होतं. मध्यरात्रीनंतर थंडी वाढते, तारा किंचित चढतात, गायक थांबून खुंटी आणि मणी फिरवतात. शेजारी बसलेले चाचा डोळे मिटून आहेत. एकदाच मान हलवतात. ती दाद गायकाला नाही, घोडीला आहे.

दीडच्या सुमारास एक कलाकार उठून दुसरे बसायच्या मधल्या वेळात आम्ही आवाराबाहेर चहाला येतो. कुडाळ विषय सोडत नाही.

“चाचा, सोमवारी सकाळी नऊ. नेत्र विभागाची ओपीडी. केसपेपर आम्ही काढून ठेवतो. तुम्ही फक्त या.”

“उरूस हाय, कामं हायती.”

“काम करता यावं म्हणूनच म्हणतोय,” मी म्हणतो. “धूर कशाचा आहे ते कळू दे. मोतीबिंदू असला तर साधं ऑपरेशन, गूल पुन्हा तुमच्या हातचं. दुसरं काही असलं तर वेळ घालवून चालणार नाही. मी गाडी घेऊन गल्लीत येतो.”

चाचा चहाचा घोट घेतात. त्यांचा मुलगा आमच्याकडे बघून मान हलवतो. घरात हे त्याने किती वेळा सांगून पाहिलं असेल, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

“यीन,” चाचा म्हणतात. “पर माझं बी एक ऐकायचं. त्यो मागं टांगलेला जुना तानपुरा हाय न्हवं, खुंट्या बदलल्याला? त्यो हॉस्टेलात घिऊन जावा. पैशाचं नंतर बघू. ऊन लावायचं न्हाई, ओल लावायची न्हाई. आन नुसता उभा करून ठिवलासा तर मी स्वतः यिऊन परत नीन.”

कुडाळला काही बोलता येत नाही. गडचिरोली मध्येच विचारतो, “चाचा, मला येत नाही काही, मी छेडला तर चालेल?”

“तुला काय, लातूरलाबी शिकवू की. चार तारा हायत्या. सावकाश छेडायच्या.”

तिथेच, चहाच्या गाड्यापाशी, आमचं ठरतं. तानपुरा मुलींच्या हॉस्टेलात कुडाळच्या खोलीत राहील. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी तो जिमखान्यात येईल. ज्याला यायचं त्याने यावं. गाता आलं पाहिजे अशी अट नाही. पहिल्या वर्षाला नवी मुलं आली आहेत. आमच्या मजल्यावर त्यातली तिघं आहेत: एक धुळ्याचा, एक बीडचा, एक वाशिमचा. संध्याकाळी त्यांच्या खोलीवरून जाताना दार अर्धवट उघडं असतं, आत तीन पलंग, तीन मोबाइल. बुधवारी मी ते दार वाजवणार आहे.

त्यांना मी अभ्यास कमी करा असं सांगणार नाही. अभ्यास करावाच लागेल. रोग्याचा जीव त्यावर आहे. पण पुढे ज्या माणसांना आपण तपासणार, ती केसपेपरवर येण्याआधी कुठेतरी राहतात, काहीतरी घडवतात, कशालातरी जीव लावतात. ते कुठे, कसं, हे ओपीडीच्या खिडकीतून दिसत नाही. त्यासाठी आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, त्यांनी दिलेला चहा प्यावा लागतो, तार धर म्हटलं की धरावी लागते. चाचा वर्षभर धूर बघत होते. तरी ते कुठल्या डॉक्टरकडे गेले नाहीत. आम्हाला ते बोलले, कारण आम्ही तिथे बसलेलो होतो.

आतून पुन्हा जुळवणी ऐकू येते. “चला, बसले,” कुडाळ म्हणते आणि पेला ठेवून झपझप चालू लागते. चाचांना अंधारात पायरी नीट दिसत नाही. मी हात पुढे करतो, ते तो धरतात, आणि आम्ही आत जातो.